एलसॅटची तयारी आणि जेडीचे अर्ज : भारतातील पदवी, इथली नोकरी आणि वेळेचे गणित

मध्यमा :

सर्वांना नमस्कार. मी न्यूजर्सीत राहते आणि एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करते. दाव्याची कागदपत्रे तपासायची, पॉलिसीतील कलमांचा अर्थ लावायचा आणि वाद विकोपाला गेला की सगळी फाइल वकिलांच्या स्वाधीन करायची, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. फाइल हातातून सुटते तिथून पुढचे काम आपण करावे असे बरेच दिवस मनात होते आणि आता घरच्यांशी बोलून जेडीसाठी, म्हणजे इथल्या वकिलीच्या पदवीसाठी, अर्ज करायचे मी नक्की केले आहे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही.

माझी बी.कॉम.ची पदवी महाराष्ट्रातील एका विद्यापीठाची आहे आणि तिच्यात गुण जेमतेमच आहेत. त्यानंतर इथल्या एका राज्य विद्यापीठातून मास्टर्स केले, तिथला जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, मात्र उत्तम आहे. लॉ स्कूल या दोहोंपैकी कशाकडे पाहते, हे माझ्या मनातील पहिले कोडे आहे. भारतातील विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व गुणांची अधिकृत नोंद, मिळवणे हे दुसरे कोडे. एकदा अर्ज केला होता, तो कोणत्या टेबलावर आहे हे अद्याप कोणी सांगू शकलेले नाही.

एलसॅट, म्हणजे लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, घेणाऱ्या एलसॅक या संस्थेच्या लॉहब या संकेतस्थळावरील एक विनामूल्य प्रश्नपत्रिका मी वेळ लावून सोडवली, तेव्हा १५३ गुण आले. नंतर तीच उत्तरे घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा तपासली, तर चुकलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक मला बरोबर सोडवता आले. आकलनाच्या विभागात शेवटचा उतारा तर मी वाचूच शकले नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. इंग्रजी समजते, कामात दिवसभर तेच वाचते, पण वाचनाचा वेग इथे वाढलेल्यांसारखा नाही.

नोकरी सांभाळून रोज दीड ते दोन तास आणि शनिवार-रविवारी थोडे अधिक एवढाच वेळ हाताशी आहे. अशा स्थितीत महागडा क्लास लावावा की स्वतः अभ्यास करावा, आकलनाचा वेग कसा वाढवावा, आणि गुण मनासारखे येईपर्यंत एक वर्ष थांबावे की याच हंगामात अर्ज करून टाकावेत, याविषयी ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांचे मत हवे आहे. खर्चाचा अंदाज पाहून छाती दडपते, म्हणून अर्धवेळ जेडीविषयीही कोणी लिहिले तर आभारी राहीन.

तर्कट :

मध्यमा, मी काही वर्षे एलसॅट शिकवतो, म्हणून परीक्षेपुरते लिहितो. अर्जांविषयी इथले इतर जाणकार लिहितीलच.

प्रथम एक खबरदारी. ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेचे स्वरूप बदलले आहे. ‘लॉजिक गेम्स’ या नावाने ओळखला जाणारा विभाग, म्हणजे अमुक माणूस तमुक खुर्चीशेजारी बसणार नाही अशी आकृती काढून सोडवायची कोडी, पूर्णपणे वगळण्यात आला. आकृत्यांवर आधारलेला हा विभाग दृष्टिहीन उमेदवारांवर अन्याय करतो, या मुद्द्यावर झालेल्या दाव्यात २०१९ साली तडजोड झाली आणि त्यातून हा बदल आला. त्यामुळे कोणी प्रेमाने जुनी पुस्तके देऊ केली तर त्यांतला हा भाग खुशाल सोडून द्या. भारतातून कोणी एलसॅट-इंडियाची पुस्तके पाठवत असेल तर तीही नकोत. ती परीक्षा वेगळी होती आणि २०२४ नंतर ती बंदच झाली आहे.

आता तर्काचे दोन विभाग आणि आकलनाचा एक अशा तीन विभागांना गुण असतात. चौथा विभाग या दोहोंपैकी एका प्रकारचा असतो, त्याला गुण नसतात, पण तो कोणता हे उमेदवाराला कळत नाही. प्रत्येक विभाग ३५ मिनिटांचा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या विभागांमध्ये दहा मिनिटांची विश्रांती. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. गुणांची पट्टी १२० ते १८० अशी आहे. लेखनाचा भाग वेगळा, संगणकावर घरूनच द्यायचा असतो. त्याला गुण नसले तरी तो पूर्ण केल्याशिवाय निकाल हाती येत नाही आणि लॉ स्कूलला तुमचा लेख वाचायला मिळतो, तेव्हा तो उरकून टाकण्याचा प्रकार नव्हे.

याचा अर्थ असा की गुणांचा दोन तृतीयांश भाग आता तर्कावर अवलंबून आहे, आणि तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. तर्काचे प्रश्न लहान असतात. वाचनाच्या वेगापेक्षा तिथे वाक्यांतले नाते पकडण्याला महत्त्व असते, आणि पॉलिसीची कलमे लावणाऱ्या माणसाला ती सवय आधीच असते. तुमच्याच कामातले एक उदाहरण रचून दाखवतो.

‘ज्या दाव्यांसोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र असते त्यांतील बहुतेक मंजूर होतात. या दाव्यासोबत असे प्रमाणपत्र नाही. म्हणून हा दावा मंजूर होण्याची शक्यता कमी आहे.’ या युक्तिवादात दोष कोणता, असा प्रश्न आहे असे समजा. पहिला पर्याय म्हणतो की डॉक्टरांची प्रमाणपत्रे खोटीही असू शकतात, हे लेखकाने लक्षात घेतलेले नाही. व्यवहारात हे खरे आहे आणि दावे विभागातल्या माणसाला तर तो पर्याय लगेच भुरळ घालील; पण प्रमाणपत्रे खरी असली तरी हा युक्तिवाद लंगडाच राहतो, म्हणून दोष तो नव्हे. दुसरा पर्याय म्हणतो की लेखक ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ यांत गल्लत करतो. ऐकायला फार तर्कशुद्ध वाटते, परंतु लेखकाने ‘सर्व’ असे कुठेही गृहीत धरलेले नाही. तिसरा पर्याय म्हणतो की एखादी गोष्ट असताना जे बहुधा घडते, ते ती गोष्ट नसताना बहुधा घडणार नाही, असे लेखक आधार न देता मानून चालतो. हे बरोबर उत्तर. प्रमाणपत्र नसलेल्या दाव्यांविषयी युक्तिवादात एक अक्षरही नाही. तेही तितक्याच प्रमाणात मंजूर होत असतील तर निष्कर्ष कोसळतो.

या शेवटच्या वाक्यातच गृहीतकाच्या प्रश्नांची किल्ली आहे. पर्यायाचे विधान उलटे करून पाहावे. उलटे केल्यावर युक्तिवाद ढासळला तर ते गृहीतक आवश्यक होते, आणि तो शांतपणे उभा राहिला तर तो पर्याय कितीही भारदस्त असला तरी निरुपयोगी. मात्र ही युक्ती आवश्यक गृहीतकालाच लागू पडते. निष्कर्षाला पुरेसे ठरणारे गृहीतक विचारले असेल तर ते विधान युक्तिवादात घालून निष्कर्ष निर्विवाद सिद्ध होतो का, हे पाहावे लागते. या दोन प्रकारांची सरमिसळ करणारे विद्यार्थी मी सर्वांत जास्त पाहतो.

आता अभ्यासाची पद्धत. घड्याळाशिवाय तुमचे निम्म्याहून अधिक चुकलेले प्रश्न सुटले, हे तुमच्या संदेशातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि तुम्ही ते ओझरते लिहून पुढे गेलात. त्याचा अर्थ समज आहे, पण ती अजून सवयीची झालेली नाही. अशा विद्यार्थ्याने रोज नवी प्रश्नपत्रिका फोडणे ही चांगल्या सामग्रीची नासाडी आहे. आठवडाभर एकेका प्रकारचे प्रश्न वेळ न लावता सोडवावेत, उत्तरे पाहण्यापूर्वी शंका वाटलेल्या प्रश्नांवर पुन्हा विचार करावा, आणि मगच उत्तरतालिका उघडावी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत दोन वाक्ये लिहावीत : मी निवडलेला पर्याय मला का पटला, आणि बरोबर पर्याय मी कोणत्या कारणाने नाकारला. ‘नीट वाचले नाही’ हे कारण वहीत चालणार नाही. नेमका कोणता शब्द वाचला गेला नाही ते लिहावे. बहुधा तो ‘काही’, ‘केवळ’, ‘जोपर्यंत’ यांपैकीच एखादा असतो. महिन्याभरात त्या वहीत तुमच्या चुकांचे ठसे दिसू लागतात, आणि पुढचा अभ्यास कशाचा करायचा हे कोणा शिक्षकाने सांगावे लागत नाही.

वेळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे, शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आठवड्याला एक. लॉहबवर काही प्रश्नपत्रिका विनामूल्य आहेत आणि वार्षिक वर्गणी भरल्यास जुन्या अधिकृत प्रश्नपत्रिकांचा मोठा साठा नव्या स्वरूपात मिळतो. ही वर्गणी मात्र अवश्य भरा. खासगी कंपन्यांनी स्वतः रचलेले प्रश्न अधिकृत प्रश्नांची सर गाठत नाहीत, कारण चुकीचे पर्याय नेमके किती चुकीचे असावेत हे त्यांना साधत नाही. क्लासविषयी माझे मत, स्वतः शिकवत असूनही, असे आहे की तुमच्यासारख्या शिस्तीच्या माणसाने आधी तीन महिने स्वतः अभ्यास करावा आणि गुण एकाच जागी अडकले तरच कोणाची तरी मदत घ्यावी.

आकलनाबद्दल. चार उताऱ्यांना ३५ मिनिटे, म्हणजे प्रत्येकी पावणेनऊ मिनिटे. त्यांपैकी एका ठिकाणी दोन लहान उताऱ्यांची जोडी असते. इंग्रजी दुसरी भाषा आहे एवढ्या कारणावरून जादा वेळ मिळत नाही. परंतु माझा अनुभव असा की हळू वाचणाऱ्यांचा वेळ बहुधा वाचण्यात जात नाही, परत वाचण्यात जातो. उतारा एकदाच वाचावा, पण वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी थांबून लेखकाने इथे काय केले हे मनात एका वाक्यात म्हणावे : जुना सिद्धान्त मांडला, त्यावर आक्षेप घेतला, आक्षेपाला मर्यादा घातली. लेखक स्वतः कोणाच्या बाजूने आहे हे कळले की निम्मे प्रश्न सुटतात. हे वाक्य मनात मराठीतून उमटले तरी काही बिघडत नाही; उलट इंग्रजी वाक्ये तशीच घोकण्यापेक्षा अर्थ पकडल्याची ती खूण आहे. आणि शेवटचा उतारा सुटू लागेपर्यंत तीनच उतारे नेमके सोडवून चौथ्यावर अंदाजाने खुणा करणे हे चारही अर्धवट करण्यापेक्षा जास्त गुण देते.

पैलतीर :

तर्कट यांनी परीक्षेविषयी इतके सविस्तर लिहिले आहे की मी सरळ अर्जांकडे वळते. मी भारतातील पदवीवर जेडी केले असून सध्या वकिली करते.

तुमच्या पहिल्या कोड्याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. लॉ स्कूल ज्या जीपीएविषयी बोलतात तो पहिल्या पदवीचा असतो आणि तो एलसॅक स्वतः मोजते. मास्टर्सचे गुण त्यात धरले जात नाहीत. परंतु भारतातील पदवीला एलसॅक आकड्यात जीपीए देतच नाही. तुमची ट्रान्सक्रिप्ट तपासून, त्या विद्यापीठाची गुणपद्धती पाहून, ‘सरासरीपेक्षा वर’, ‘सरासरी’ अशा शब्दांत श्रेणी देणारा अहवाल तयार होतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की आपल्याकडील साठ टक्के म्हणजे इथले साठ टक्के नव्हेत, हे अहवाल वाचणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून ‘जेमतेम’ गुणांची तुम्ही समजता तितकी चिंता नको. दुसरा अधिक महत्त्वाचा. लॉ स्कूलना दरवर्षी आपल्या प्रवेशितांचे एलसॅट आणि जीपीए यांचे मध्यांक, म्हणजे निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात ते आकडे, जाहीर करावे लागतात आणि क्रमवारीही त्यावर हलते. तुमचा जीपीए आकड्यात नसल्याने तुम्हाला घेतल्याने त्यांचा जीपीएचा मध्यांक वर जात नाही आणि खालीही येत नाही. उरतो तो एलसॅट. म्हणून तुमच्या अर्जात त्या एका आकड्याला इतरांपेक्षा अधिक वजन आहे, आणि तो शाळेच्या मध्यांकाच्या वर असेल तर तुम्हाला घेण्यात त्यांचा शुद्ध फायदा आहे. मास्टर्सचे गुण बायोडेटातून आणि शिफारसपत्रांतून दिसतातच, ते वाया जात नाहीत.

ट्रान्सक्रिप्टचे काम मात्र आजच हाती घ्या. जेडीसाठी एलसॅकच्या क्रेडेन्शियल असेंब्ली सर्व्हिसमध्ये, म्हणजे सर्वजण ज्याला सीएएस म्हणतात त्यात, खाते उघडावे लागते. तिथून मिळणारा अर्ज विद्यापीठाला द्यायचा आणि विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट थेट एलसॅककडे पाठवायची. तुमच्या हातून गेलेली प्रत चालत नाही. ती पोहोचल्यावर मूल्यमापनाला आणखी काही आठवडे लागतात, आणि हे पूर्ण झाल्याशिवाय एकाही शाळेला तुमची फाइल जात नाही. टपाल आणि ईमेल यांवर विसंबण्यापेक्षा गावातील कोणी नातलग प्रत्यक्ष परीक्षा विभागात जाऊन पावती क्रमांक घेईल आणि आठवड्याला चौकशी करील, हाच मार्ग खात्रीचा. पाकीट विद्यापीठाच्या मोहोरेने बंद केलेले आहे आणि त्यावर तुमचा एलसॅक क्रमांक लिहिला आहे, हे त्यांनी तिथेच पाहून घ्यावे. इथल्या मास्टर्सच्या विद्यापीठाचीही ट्रान्सक्रिप्ट लागतेच, पण ते काम संगणकावर काही मिनिटांत होते.

शिफारसपत्रे साधारणतः दोन लागतात. शाळांना प्राध्यापकांची पत्रे आवडतात, कारण वर्गात तुम्ही कसा विचार करता हे त्यांना जाणून घ्यायचे असते. तुम्ही मास्टर्सच्या एका प्राध्यापकाकडून एक आणि कामावरील वरिष्ठांकडून एक घ्यावे. पत्र मागताना आपले दोन-तीन जुने निबंध किंवा अहवाल सोबत द्यावेत. ‘ती कष्टाळू आहे’ असे लिहिलेले पत्र आणि ‘तिने अमुक कलमाचा अर्थ असा लावला आणि तो शेवटी ग्राह्य ठरला’ असे लिहिलेले पत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अर्थात ग्राहकांची गोपनीय माहिती त्यात येता कामा नये.

पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःविषयीचा निबंध, बहुतेक ठिकाणी दुहेरी अंतराने टंकित दोन पानांचे मागतात. आपल्या लोकांचा ओढा इथे परदेशी येण्याचा संघर्ष, आईवडिलांचा त्याग आणि न्यायाची लहानपणापासूनची ओढ यांकडे असतो. हे खोटे नसते, पण वाचणाऱ्याने त्या दिवशी असे किती वाचले असतील याचा विचार करावा. तुमच्या प्रश्नातच उत्तम मजकूर आहे : फाइल वकिलांकडे जाते तो क्षण. कोणती तरी एक फाइल घ्या, तिच्यातील कोणत्या शब्दावर वाद अडला ते दाखवा, तुम्ही काय वाचले आणि पुढचे काय तुम्हाला करता आले नाही ते लिहा. ‘कायद्याची आवड’ हे शब्द न वापरता ती दिसली पाहिजे.

आणखी एक. अर्जात चारित्र्य आणि पूर्वेतिहासाविषयी प्रश्न असतात. प्रत्येक शाळेचा प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो. कोणी केवळ गुन्ह्यांविषयी विचारते, कोणी महाविद्यालयीन शिस्तभंगाविषयीही, तर काही ठिकाणी वाहतुकीचे दंडसुद्धा सांगावे लागतात. प्रश्न शब्दशः वाचून उत्तर द्यावे. पुढे बारच्या, म्हणजे वकिली करण्याच्या, परवानगीच्या वेळी तुमचा लॉ स्कूलचा अर्ज काढून त्याच्याशी ताडून पाहिला जातो, आणि तिथे मूळ चुकीपेक्षा ती लपवल्याचा त्रास मोठा होतो.

थांबावे की नाही? अर्ज सप्टेंबरच्या आसपास खुले होतात आणि बहुतेक शाळा आलेले अर्ज क्रमाने वाचत जागा देत जातात. अंतिम मुदत फेब्रुवारीत, मार्चमध्ये किंवा त्याही पुढे असली तरी तोपर्यंत जागा आणि शिष्यवृत्तीचा पैसा दोन्ही आटत आलेले असतात. नोव्हेंबर संपेपर्यंत मनासारखे गुण आणि पूर्ण फाइल हाती असेल तर याच हंगामात अर्ज करावा. जानेवारीत घाईघाईने मिळवलेल्या मध्यम गुणांवर अर्ज करण्यापेक्षा मी एक वर्ष थांबेन. नोकरी करणाऱ्याचे ते वर्ष रिकामे जात नाही, अनुभवात जमाच होते.

हिशेबी :

पैशाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो.

अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी ‘५०९’ नावाचा अहवाल जाहीर करावा लागतो. शाळांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांपेक्षा ही रुक्ष पाने वाचा. किती जणांना शिष्यवृत्ती मिळाली आणि ती किती, पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी गळाले, शिष्यवृत्ती सशर्त असेल तर ती किती जणांनी गमावली, हे सर्व तिथे असते. नोकऱ्यांचा तक्ता वेगळा असतो. त्यात पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जणांना वकिलीची सनद आवश्यक असलेली, पूर्णवेळ आणि दीर्घ मुदतीची नोकरी होती, तो रकाना पाहावा; केवळ ‘नोकरी लागली’ हा आकडा पाहून भुलू नये.

सशर्त शिष्यवृत्तीबद्दल विशेष सावध राहा. ‘अमुक जीपीए राखल्यास शिष्यवृत्ती चालू राहील’ हे वाक्य वाचताना सोपे वाटते, पण पहिल्या वर्षी वर्गातील गुण ठरावीक प्रमाणात वाटले जातात, म्हणजे सर्वांनी कितीही अभ्यास केला तरी वरच्या श्रेणी ठरलेल्या संख्येनेच मिळतात. शिष्यवृत्ती मिळालेले सर्वजण ती राखू शकणार नाहीत, हे गणितानेच ठरलेले असते. अट काढून टाकण्याची किंवा रक्कम वाढवण्याची विनंती करता येते, आणि त्याच तोडीच्या दुसऱ्या शाळेचे पत्र हातात असेल तर ती विनंती पुष्कळदा मान्यही होते. आपल्याकडे प्रवेशाच्या बाबतीत घासाघीस करणे चमत्कारिक वाटते. इथे प्रवेश कार्यालयांना त्याची सवय आहे. नम्र, लहान, लेखी विनंती करावी. याच कारणाने ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे बंधन पत्करणारा अर्ज, शिष्यवृत्तीची गरज असलेल्याने शक्यतो करू नये. एकदा बांधले गेलात की बोलणी संपली.

कर्जाचे नियम नुकतेच बदलले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी ग्रॅड प्लस ही केंद्रीय योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्यात आली. ग्रीन कार्ड असल्याने केंद्रीय कर्ज तुम्हाला मिळेल, पण व्यावसायिक पदवीसाठी त्याची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर आहे. न्यूयॉर्कमधील नामांकित खासगी लॉ स्कूलचा राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या वर जातो, तेव्हा उरलेली दरी खासगी कर्जाने भरावी लागते. खासगी कर्जात उत्पन्नानुसार हप्ता किंवा सार्वजनिक सेवेसाठी माफी या केंद्रीय सवलती लागू होत नाहीत. नावाला भुलून पूर्ण शुल्काने जाण्यापेक्षा, ज्या राज्यात वकिली करायची तिथल्या चांगल्या शाळेत मोठ्या शिष्यवृत्तीवर जावे, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना वॉल स्ट्रीटवरील मोठ्या फर्ममध्येच जायचे आहे त्यांचे गणित वेगळे असू शकते, पण तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही विम्याच्या कायद्यात राहाल असे वाटते.

अर्धवेळ जेडी तीनऐवजी साधारण चार वर्षांत होते. न्यूजर्सीतच रटगर्स आणि सीटन हॉल या दोन्ही ठिकाणी अर्धवेळ शिकण्याची सोय आहे. नोकरीचा पगार आणि आरोग्यविमा चालू राहतो, आणि कंपनीकडे शिक्षणखर्चाची परतफेड करणारी योजना असल्यास तिचाही उपयोग होतो. मनुष्यबळ विभागाकडे आजच चौकशी करा, नंतर किती वर्षे कंपनीत राहण्याची अट आहे हेही विचारा. अडचण एकच. उन्हाळी इंटर्नशिपसाठी नोकरी सोडणे अवघड जाते, आणि मोठ्या फर्मची भरती त्याच मार्गाने होते. तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या कायदा विभागात शिरकाव झाला तर हा प्रश्नच उरणार नाही.

परीक्षा शुल्क आणि सीएएस दोन्ही प्रत्येकी २०० डॉलरच्या वर आहेत, आणि प्रत्येक शाळेला अहवाल पाठवण्याचे शुल्क वेगळे. उत्पन्न कमी असल्यास एलसॅककडे शुल्कमाफीचा अर्ज करता येतो, त्यात ग्रीन कार्डधारकही बसतात. उत्पन्नात बसत नसाल तरी प्रत्येक शाळेला तिच्या अर्जशुल्काची माफी मागून पाहावी. पुष्कळ शाळा केवळ विचारल्यावर देतात.

मध्यमा :

तिघांचेही मनापासून आभार. ट्रान्सक्रिप्टसाठी मामांना विद्यापीठात पाठवण्याची व्यवस्था आजच केली. वहीचे कामही सुरू केले आहे आणि ‘केवळ’ हा शब्द माझ्या नजरेतून किती वेळा निसटतो हे पाहून थक्क झाले.

एक शंका उरली. ऑगस्टची परीक्षा द्यावी असा विचार आहे, पण त्यात गुण कमी आले तर ते कायमचे नोंदीत राहतील या भीतीने हात आखडतो. गुण रद्द करता येतात असे ऐकले आहे. ऑगस्टला देऊन, पटले नाही तर रद्द करून, पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देणे योग्य ठरेल का? आणि तसे केल्यास अर्ज आधी पाठवावा की नंतर?

तर्कट :

जरूर द्या, आणि कमी गुणांची इतकी धास्ती घेऊ नका. लॉ स्कूलना मध्यांक काढताना प्रत्येक उमेदवाराचे सर्वाधिक गुण धरायचे असतात, त्यामुळे त्यांचे लक्ष स्वाभाविकपणे त्यावरच राहते. एक कमी आणि नंतर बराच जास्त असा क्रम पाहून कोणी नाक मुरडत नाही. पाच-सहा वेळा देऊन तिथल्या तिथेच राहिलेले गुण मात्र चांगले दिसत नाहीत.

रद्द करण्यासाठी ‘स्कोअर प्रिव्ह्यू’ ही सोय जादा शुल्क भरून घेता येते. निकाल आल्यावर तो पाहून सहा दिवसांत ठरवायचे असते. परीक्षेपूर्वीच ती घेतली तर शुल्क कमी पडते. रद्द केल्यास शाळेला गुण दिसत नाहीत, पण तुम्ही ते रद्द केले एवढी नोंद दिसते, आणि ती परीक्षा तुमच्या मर्यादेत मोजलीही जाते. गुण ग्राह्य असण्याच्या सध्याच्या पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा, अशी मर्यादा आहे. माझा सल्ला असा की सरावाच्या शेवटच्या तीन-चार प्रश्नपत्रिकांच्या सरासरीपेक्षा गुण सात-आठने खाली आले तरच रद्द करा, एरवी राहू द्या. आणि ऑगस्टपूर्वी ही सरासरी तुम्हाला हव्या त्या शाळांच्या मध्यांकाजवळ आलीच नसेल, तर परीक्षा पुढे ढकला. तारीख बदलण्याची मुदत एलसॅकच्या पानावर असते, ती आधी पाहून ठेवा, कारण मुदत उलटल्यावर शुल्क परत मिळत नाही.

अर्जाच्या क्रमाविषयी. ऑगस्टचे गुण हाती असताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अर्ज पाठवायला हरकत नाही. मात्र त्या अर्जात पुढील परीक्षेची तारीख नोंदवली असेल तर बऱ्याच शाळा नवे गुण येईपर्यंत फाइल बाजूला ठेवतात. ज्या शाळांसाठी ऑगस्टचे गुण पुरेसे आहेत त्यांच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून, आहे त्या गुणांवर निर्णय घ्यावा असे कळवा, आणि ज्या शाळांना ते कमी पडतात त्यांचे अर्ज नोव्हेंबरचा निकाल येईपर्यंत तयार करून ठेवा, पाठवू नका.